खान्देशात वन्यजीव व पर्यावरण संशोधनाला सुरुवात करताना

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या उत्तरेला सातपुडा आहे, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग आहे, पश्चिमेला सह्याद्रीचे फाटे उतरत येतात आणि या सगळ्यांच्या मधून तापी पश्चिमेकडे वाहत जाते. या प्रदेशासाठी १९९० साली जळगावला विद्यापीठ स्थापन झाले, आणि आज कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ या नावाने ते ओळखले जाते. तिथे किंवा संलग्न महाविद्यालयांत प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, भूगोल अथवा पर्यावरणशास्त्र घेऊन एम.एस्सी.चा प्रकल्प करणारे विद्यार्थी, पीएच.डी.ला नुकतेच लागलेले संशोधक आणि पर्यावरण हा विषय प्रथमच शिकवायला मिळालेले प्राध्यापक यांच्यासाठी हे लेखन आहे. खान्देशात प्रश्नांची वाण नाही. वाण आहे ती दुसऱ्याला तपासून पाहता येतील अशा नोंदींची, आणि पुढची प्रत्येक पायरी मी त्याच दृष्टीने मांडली आहे.

पहिली पायरी : विषय ठरवण्याआधी प्रदेश समजून घ्यावा

विषय आधी ठरवून मग जागा शोधणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. त्यापेक्षा तालुक्यांचा नकाशा समोर ठेवून आपल्या घरापासून किंवा महाविद्यालयापासून वर्षभर, सर्व ऋतूंत, पदरच्या खर्चाने कुठे जाता येईल हे आधी पाहावे. यावल अभयारण्य १९६९ साली घोषित झाले असून त्याचे क्षेत्र १७५.५२ चौरस किलोमीटर आहे. रावेर तालुक्यातील पाल हे त्या भागातले नेहमीचे मुक्कामाचे ठिकाण. शिरपूर तालुक्यातील अनेर धरण अभयारण्य १९८६ चे आहे. चाळीसगावच्या दक्षिणेला पाटणादेवीपासून गौताळा-औट्रमघाट अभयारण्य सुरू होते आणि ते घाट चढून छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात पसरते. मुक्ताईनगर तालुक्यातील मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र मेळघाटाकडून येणाऱ्या वाघांसाठी महत्त्वाचे आहे. नंदुरबारकडे तोरणमाळ, धडगाव, अक्कलकुवा आणि तळोदा हा सातपुड्याचा सर्वांत दुर्गम भाग येतो.

मात्र खान्देशचे पर्यावरण अभयारण्यांच्या सीमेत मावणारे नाही, आणि नवख्या संशोधकाने ही गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करावी. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात भूजल खोल खोल गेले आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे, वाळू आणि मुरुमाचा जो बझाडा पट्टा आहे, तोच खालच्या गाळाच्या थरांना पाणी देतो, म्हणून तापी मेगा रिचार्ज योजनेचा विचार त्या पट्ट्यावर उभा आहे. त्या योजनेसाठी २०२५ मध्ये मध्य प्रदेश व महाराष्ट्र यांच्यात करारही झाला. गिरणेच्या पात्रातील वाळूउपसा, भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्राची राख, हतनूर धरणात साचत गेलेला गाळ, साक्री तालुक्याच्या पठारांवरील पवनचक्क्या, सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलेली नंदुरबारची ३३ गावे, केळी आणि उसाच्या आडोशाने गावाजवळ वावरणारा बिबट्या, हे सारे संशोधनाचे विषय आहेत. यांतील बहुतेकांसाठी अभयारण्यात पाऊलही टाकावे लागत नाही.

जुने संदर्भ वाचताना एक काळजी घ्यावी. १९०६ साली खान्देश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले आणि नंदुरबार जिल्हा तर १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. त्यामुळे १८८० च्या गॅझेटियरमधील ‘खान्देश’, विसाव्या शतकातील नोंदींतला ‘पश्चिम खान्देश’ आणि नव्वदच्या दशकातील लेखांतला ‘धुळे जिल्हा’ एकाच जागेबद्दल असू शकतात. प्रत्येक जुन्या नोंदीपुढे आजचा तालुका आणि गाव लिहून स्वतःची तालिका करावी. आपल्या विषयावर आधी झालेले प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर मिळतात; ते चाळल्याशिवाय विषय पक्का करू नये.

दुसरी पायरी : प्रश्न लहान करावा

‘सातपुड्यातील जैवविविधतेचा अभ्यास’ हा तीन वर्षांत पूर्ण होणारा विषय नाही आणि तो पूर्ण झाला असे म्हणताही येत नाही. ‘यावल तालुक्यातील दोन ओढ्यांच्या काठी, चराई असलेल्या व नसलेल्या पट्ट्यांत, अंजनाची रोपे किती टिकतात’ हा प्रश्न मात्र एका माणसाला पेलतो, त्याचे उत्तर हो, नाही किंवा किती या रूपात देता येते आणि दहा वर्षांनी दुसरा कोणी तेच मोजू शकतो. प्रश्न एका वाक्यात लिहावा. त्या वाक्यात जागा, काळ आणि मोजायची गोष्ट आली नसेल तर तो अजून तयार झालेला नाही असे समजावे.

अशा नेमक्या नोंदींची किंमत किती असते हे समजून घेण्यासाठी रानपिंगळ्याची हकीकत प्रत्येक विद्यार्थ्याला सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या शहाद्याची आहे. या छोट्या घुबडाचे वर्णन ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये केले. १८८० च्या दशकात खान्देशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा-तळोदा भागात त्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर खात्रीचा नमुना कुणालाच मिळाला नाही. रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे एक नमुना मिळवल्याचा दावा केला होता आणि पुढच्या अनेकांनी त्या दाव्यावर विसंबून शोध घेतला. पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतील नमुने बारकाईने तपासले, तेव्हा तो पक्षी डेव्हिडसन यांच्या जुन्या नमुन्यांपैकीच असून त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली आहे असे निघाले. मग मांडवी बाजूला ठेवून खऱ्या चिठ्ठ्यांवरील जागा शोधत त्या, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट शहाद्याजवळ पोहोचले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी रानपिंगळा पुन्हा दिसला. एका खोट्या चिठ्ठीने शोधाची दिशा चुकवली आणि शंभर वर्षांपूर्वी प्रामाणिकपणे लिहिलेल्या जागेच्या नावाने पक्षी सापडला. आपण वहीत लिहितो ते गावाचे नाव आणि तारीख यांना एवढे वजन असते.

तिसरी पायरी : प्रवेश, मार्गदर्शक, पैसा

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा किमान कालावधी तीन वर्षे व कमाल सहा वर्षे आहे, पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण लागतात आणि राखीव प्रवर्गांना पाच टक्क्यांची सवलत आहे. अभ्यासक्रमाचे किमान १२ श्रेयांक पूर्ण करावे लागतात. २०२४ पासून राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे, म्हणजे नेटचे, गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात. पर्यावरणशास्त्राची नेट आयोगाच्या परीक्षेत येते, तर जीवशास्त्र व भूविज्ञान यांची वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या (सीएसआयआर) परीक्षेत. विद्यापीठ स्वतःची पूर्वपरीक्षा घेत आहे का, हे त्या त्या वर्षीच्या जाहिरातीतच पाहावे. एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक असू शकतात, म्हणून अर्ज करण्याआधी मार्गदर्शकाला भेटून त्यांच्याकडे जागा आहे का हे स्पष्ट विचारावे. भेटीला जाताना विषयांची यादी नेण्यापेक्षा वर सांगितलेले ते एक वाक्य आणि जागेचा नकाशा न्यावा.

बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आणि केंद्राची अनुसूचित जमातींसाठीची अधिछात्रवृत्ती यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. क्षेत्रकार्याचा खर्च ठरवताना वाटाड्याची मजुरी धरावी. ती बहुतेक प्रस्तावांत नसते, आणि नसली की पाड्यावरचा माणूस फुकट राबतो.

चौथी पायरी : परवानग्या

या पायरीला लागणारा वेळ नवखा माणूस हमखास कमी धरतो. अभयारण्यात संशोधनासाठी शिरायचे असेल तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ खाली परवाना लागतो. त्यासाठीचा अर्ज मार्गदर्शक व विभागप्रमुख यांच्यामार्फत नागपूर येथील मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयाकडे जातो. प्राणी पकडणे, त्याला खूण करणे किंवा त्याचा नमुना घेणे यासाठी कलम १२ लागू होते आणि प्राणी पहिल्या अनुसूचीतला असेल तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगीही घ्यावी लागते. अभयारण्यातून काहीही उचलून नेणे कायद्याला मान्य नाही. पडलेले पीस, वाळलेली विष्ठा, दगडाखालचा कीटक हेही त्यातच आले. तेव्हा जे उचलायचे आहे ते सर्व अर्जात नाव घालून लिहावे.

अभयारण्याबाहेरच्या वनक्षेत्रात संबंधित उपवनसंरक्षकांची परवानगी घ्यावी. धुळे वनवृत्तात धुळे, जळगाव, यावल, नंदुरबार आणि मेवासी असे विभाग आहेत. मेवासीचे कार्यालय तळोद्याला आहे. आपली जागा नेमकी कोणत्या विभागात व परिक्षेत्रात येते हे आधी पाहावे, कारण सातपुड्यात एक ओढा ओलांडला तरी विभाग बदलतो. परवाना हातात आल्यावर त्याची प्रत घेऊन वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना व त्या बीटच्या वनरक्षकाला स्वतः जाऊन भेटावे. कोणत्या पाणवठ्यावर कधी काय येते हे वनरक्षकाला ठाऊक असते. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्याचे नाव यायला हवे.

परवाना मिळेपर्यंत बसून राहू नये. खासगी शेत, गावतलाव, महाविद्यालयाचे आवार, हतनूरचा काठ यांसारख्या जागी त्याच पद्धतीचा सराव करता येतो.

पाचवी पायरी : पाड्यावर जाताना

सातपुड्यात पावरा, भिल्ल, तडवी आणि पश्चिमेकडे कोकणा, मावची समाजाचे लोक राहतात. प्रमाण मराठीत छापलेली प्रश्नावली घेऊन पाड्यावर गेल्यास लोक नम्रपणे ‘हो’ म्हणतात आणि ती उत्तरे पुढे कोष्टकात जाऊन बसतात. पावरी किंवा भिलोरी बोलणारा सहकारी सोबत असावा, मैदानी गावांत अहिराणीत बोलावे, आणि प्रत्येक झाडा-पक्ष्याचे स्थानिक नाव जसे ऐकले तसे लिहून घ्यावे.

आधी पोलीस पाटील व गावकारभारी यांना भेटावे, शक्य झाल्यास ग्रामसभेत काय करणार ते सांगावे. वनहक्क कायदा २००६ चा आहे आणि अनेक कुटुंबांचे वनदावे अजून निकाली निघालेले नाहीत. अशा ठिकाणी हातात जीपीएस घेऊन कोणी शेताच्या बांधावरून फिरू लागला, तर आपला दावा फेटाळण्यासाठी मोजणी चालली आहे असे लोकांना वाटणे अगदी स्वाभाविक आहे. कोणाच्याही शेताची जागा त्याला विचारल्याशिवाय नोंदवू नये. नोंदवली तर ती कुठे छापली जाणार हे त्याला सांगावे. बिबट्याने जनावर मारले, रोह्यांनी किंवा रानडुकरांनी पीक लोळवले अशी माहिती विचारताना नुकसानभरपाईचा अर्ज कुठे व कसा करायचा हे संशोधकाला माहीत असले पाहिजे, कारण पुढचा प्रश्न तोच येतो आणि त्याचे उत्तर देणे आपले काम आहे.

लोकांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. साक्री तालुक्यातील बारीपाड्याच्या ग्रामस्थांनी स्वतःचे नियम करून आपले जंगल राखले. त्या कामात पुढे असलेल्या चैत्राम पवार यांना २०२५ चा पद्मश्री सन्मान मिळाला आणि तिथला वनभाजी महोत्सव सर्वत्र माहीत झाला आहे. धुळे तालुक्यातील लामकानीत चराईबंदी व कुऱ्हाडबंदीने उजाड टेकड्यांवर गवत परत आले. अशा गावांत गेल्यावर पहिल्या भेटीत प्रश्नावली काढूच नये. कोणता नियम कधी केला, तो कुणी मोडला तर काय करतात आणि कोणत्या वर्षी तो सैल पडला, हे ऐकत बसावे.

सहावी पायरी : नोंद

प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, गाव, अक्षांश-रेखांश, हवामान, किती वेळ किंवा किती अंतर पाहिले आणि कोणी पाहिले हे यावेच. ‘काही दिसले नाही’ हीसुद्धा नोंद आहे. तीन तास चालून रानपिंगळा दिसला नाही हे लिहिले नसेल तर पुढे तो किती ठिकाणी आहे याचे गणितच मांडता येत नाही. झाडांसाठी १० बाय १० मीटर, झुडपांसाठी ५ बाय ५ आणि गवत-रोपांसाठी १ बाय १ मीटरचे चौकोन घेण्याची पद्धत रूढ आहे. खोडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजावा, आणि उतारावर झाडाच्या वरच्या बाजूने उंची धरावी. चौकोनाच्या कोपऱ्यावरचे झाड किंवा खडक छायाचित्रासह नोंदवावा, म्हणजे तो पुन्हा सापडतो.

ओळख पक्की असल्याशिवाय प्रजातीचे नाव लिहू नये. रानपिंगळा आणि गावोगावी दिसणारा साधा पिंगळा यांत नवख्याची गफलत होते. पिंगळ्याच्या डोक्यावर व पाठीवर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे असते, छातीचा वरचा भाग गडद तपकिरी आणि पोट पांढरे असते, पंखांवर व शेपटीवर रुंद ठळक पट्टे असतात. पानगळीच्या सागवनात तो भर दिवसा उघड्या फांदीवर बसतो आणि अस्वस्थ झाला की शेपूट डावी-उजवीकडे झटकतो. ढोलीत घरटे सापडले तर तिथे रेंगाळू नये, ध्वनिमुद्रण वाजवून त्याला बोलावू नये आणि घरट्याचे अक्षांश-रेखांश कुठेही जाहीर करू नयेत.

पाण्याच्या अभ्यासात विहिरीची पातळी मोजणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी काम आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर या महिन्यांत घेते. आपणही तेच महिने धरले तर आकडे ताडून पाहता येतात. दोरीला वजन बांधून ती पाण्याला टेकेपर्यंत सोडावी, कठड्याच्या कडेपासून मोजलेल्या लांबीतून कठड्याची उंची वजा करावी आणि मोजणी नेहमी कडेच्या त्याच खुणेपासून करावी. मोटार चालू असलेल्या किंवा नुकत्याच बंद केलेल्या विहिरीची पातळी खोटी असते, म्हणून पहाटे, मोटार सुरू होण्यापूर्वी जावे. तिथेच पाण्याचा नमुना घेऊन नायट्रेट तपासावे: भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि केळीला युरियाचा मोठा हात असलेल्या भागात हा आकडा गावाला कळणे गरजेचे आहे. नदीच्या पाण्यातला विरघळलेला प्राणवायू मोजायचा असेल तर बाटलीत हवेचा बुडबुडा राहू न देता तो जागीच स्थिर करणारी दोन्ही रसायने काठावरच घालावीत. नमुना जळगावच्या उन्हात दोन तास प्रवास करून प्रयोगशाळेत आला तर आकडा नदीचा राहत नाही.

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा काम सकाळी दहापूर्वी आटोपावे. पावसाळ्यात सातपुड्यातील ओढे वर पाऊस झाला की खाली ऊन असताना भरून येतात. सर्वांत जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशावरचे औषध आहे का हे आधीच विचारून ठेवावे, आणि एकट्याने जाऊ नये.

सातवी पायरी : शिकवताना

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्देशानंतर पर्यावरण हा विषय पुढे सर्व पदवी अभ्यासक्रमांत सक्तीचा झाला. बहुतेक ठिकाणी तो वर्गात वाचून दाखवला जातो, आणि मला ही फार मोठी संधी वाया गेल्यासारखी वाटते. खान्देशातील वर्गात बसलेल्यांपैकी कितीतरी मुले-मुली शेतकऱ्यांच्या घरची असतात. प्रत्येकाने आपल्या घरची किंवा शेजारची एक विहीर चार वेळा मोजली, तर एका वर्गाकडून तालुक्याचा असा नकाशा तयार होतो की जो कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला सांगावे की विहीर एक मीटर खोल गेल्यावर उपशाचा खर्च किती वाढला ते काढ. कला शाखेच्या विद्यार्थिनीला आजीकडून ओढ्याकाठच्या झाडांची अहिराणी नावे आणायला सांगावीत. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, तेव्हा हतनूर किंवा जवळच्या पाझर तलावावर वर्ग न्यावा.

शिक्षकाने या नोंदी परीक्षेनंतर रद्दीत जाऊ देऊ नयेत. विभागात एक कायमची वही व तिची संगणकीय प्रत ठेवावी आणि दरवर्षीचा वर्ग तीच विहीर, तोच तलाव, तोच चौकोन पुढे मोजील असे पाहावे.

आठवी पायरी : लेखन आणि परतफेड

प्रबंधाचे इतरांच्या लिखाणाशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत चालते, त्यापुढे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार कारवाई होते. वाचलेले मिटून स्वतःच्या शब्दांत लिहिण्याची सवय पहिल्या वर्षीच लावावी. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहावे. आयोगाने मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केल्यामुळे नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता संशोधकावर व मार्गदर्शकावर आहे. ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’ लेखकाकडून शुल्क घेत नाही आणि एखाद्या प्रजातीची काळजीपूर्वक केलेली छोटी नोंदही तिथे छापली जाते.

प्रबंध सादर झाल्यावर चार-पाच पानांचा मराठी गोषवारा तयार करून तो वनपरिक्षेत्र कार्यालयात, ग्रामपंचायतीत आणि गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे द्यावा. समितीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत आपल्या नोंदी चढवायला स्वतः बसावे. पाड्यावर तो गोषवारा मोठ्याने वाचून दाखवावा, सोबतच्या सहकाऱ्याने तो पावरीत सांगावा, आणि लोकांनी काही चूक दाखवली तर ती दुरुस्त करून मगच शेवटची प्रत द्यावी.